लंडनच्या स्वयंपाकघरातील उघडी खिडकी



गेल्या एप्रिल महिन्यात आम्ही उभयता आणि आमची आई असे तिघेजण लंडनला जाऊन आलो. आमची धाकटी मुलगी तिथे एका इस्पितळात नर्स आहे. तिकिटे तिनेच काढली. आमचा हेतू एकच होता. बाबासाहेब ज्या घरात राहून शिकले, ते घर आईला तिच्या डोळ्यांनी दाखवायचे. आईचे वय अठ्ठ्याहत्तर. ती नेहमी म्हणायची, "दीक्षाभूमी बघितली, चैत्यभूमीला दरसाल जाते, म्हाडचं तळं बघितलं. इलायतेतलं घर तेवढं ऱ्हायलं."

ते घर पाहिले. परंतु परत आल्यापासून नातेवाईक आणि शेजारी विचारतात की, तिकडे काय काय पाहिलेत, तेव्हा आमच्या तोंडून घराच्या बरोबरीने एका स्वयंपाकघराचीही गोष्ट निघते. ती गोष्ट बेकनची आहे. बेकन म्हणजे मिठात मुरवलेले डुकराचे मांस. हे वाचून काही घरांत कपाळाला आठी पडेल. आमच्या आईच्याही पडली होती. म्हणूनच हे लिहीत आहोत.

पहिला रविवार

मुलीचे घर पूर्व लंडनमधील ईस्ट हॅम भागात आहे. एकाला एक चिकटलेल्या, सामाईक भिंतीच्या घरांची लांबच लांब रांग. पुढे दोन हात अंगण, मागे चिंचोळी बाग. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी साध्या नोकरदार-कामगारांसाठी बांधलेली ही घरे. आज त्या रस्त्यावर तामीळ, मल्याळी, बांगलादेशी, पंजाबी अशी सर्व तऱ्हेची माणसे राहतात. डोशाचे हॉटेल आहे, ज्वारीचे पीठही मिळते. मुलीच्या डाव्या हाताला एक वृद्ध इंग्रज बाई एकट्या राहतात.

पहिल्याच रविवारी सकाळी त्या बाईंच्या स्वयंपाकघरातून खमंग वास आला. खारट, धुराचा, थोडा गोडसर. मुलगी रात्रपाळी करून नुकतीच झोपली होती. तिने आदल्या दिवशीच सांगून ठेवले होते, "पप्पा, फ्रिजमध्ये बेकन आहे. इकडे आलात तर इकडचा नाश्ता खाऊन बघा." आम्ही दोघांनी पाकीट काढले. पातळ, लांबट पट्ट्या. गुलाबी मांस आणि पांढरी चरबी, एकाआड एक रेघांची.

आम्हाला जे माहीत होते ते आम्ही केले. तवा चांगला तापवला, वर दोन चमचे तेल सोडले आणि पट्ट्या टाकल्या. पट्ट्या क्षणात आक्रसल्या, कडेने काळ्या पडल्या, मधली चरबी मात्र कच्चीच राहिली. तेल उडू लागले. स्वयंपाकघर धुराने भरले आणि छताला लावलेले धुराचे यंत्र असे काही किंचाळू लागले की सगळे घर जागे झाले.

मुलगी डोळे चोळत जिन्यावरून धावत आली. "मम्मी, खिडकी उघड! आधी खिडकी उघड!"

आमच्या घरातून खिडकी उघडली. आणि त्याच वेळी आई काठी टेकत पुढे आली आणि तिने ती खिडकी लावून घेतली.

"आजी, अगं काय करतेस? धूर जाऊ दे की बाहेर!"

"धूर ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "वास जाईल भाईर. शेजारीण काय म्हनंल?"

मुलगी हसली. "आजी, शेजारीणसुद्धा हेच भाजतेय."

आई हसली नाही. आम्हीही हसलो नाही. कारण ती खिडकी तिने लंडनमध्ये लावली असली, तरी ती लावायला ती कुठे शिकली हे आम्हाला ठाऊक होते.

खिडकी लावायची सवय

बी. डी. डी. चाळीत होतो तोवर आमच्या मजल्यावर सगळे आपलेच. सुकट भाजली काय नि मटण शिजवले काय, वासाला दार नव्हते. पुढे कुटुंब वाढले आणि आम्ही डोंबिवलीला भाड्याची जागा घेतली. तिथे घरमालकीणबाईंनी पहिल्या महिन्यातच सांगितले, "तुमच्या खाण्याचा वास वर येतो. खिडक्या लावून करत जा." नंतर एके दिवशी आडनावाची चौकशी झाली आणि अकरा महिने भरताच जागा सोडावी लागली. त्या अकरा महिन्यांत आई मासळी तळताना खिडकी लावायची, दाराच्या फटीला ओले फडके लावायची आणि वर उदबत्ती पेटवायची. खाऊन झाले की मुलांचे हात साबणाने दोनदा धुवायची. ही मुलगी तेव्हा दुसरीत होती. तिला ते आठवत नाही. आईला आठवते.

त्याआधीचेही तिला आठवते. आईचे माहेर सातारा जिल्ह्यात. तिच्या आजीच्या काळी बलुत्याच्या रिवाजाने मेलेले जनावर ओढायचे काम आमच्या वस्तीवर होते आणि मांस हा त्याचा मोबदला. एका दिवसात संपणार नाही इतके मांस असे. मग त्याच्या लांब पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद लावायची आणि दोरीवर उन्हात वाळवायच्या. त्या चान्या. पावसाळ्यात घरात दाणा नसला की निखाऱ्यावर चानी भाजायची. ती कुरकुरीत होई आणि कोरड्या भाकरीला चव येई. अंगणात चान्यांची दोरी दिसली की वाटेने जाणारे नाकाला पदर लावीत. जनावर त्यांच्या गोठ्यातले, ओढायचा हुकूम त्यांचा, आणि घाण म्हणायची ती आम्हाला!

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. मृत मांस खाऊ नका, उष्टे-शिळे मागू नका, असे बाबासाहेबांनी तिथे आपल्या लोकांना बजावले. सातारकडच्या आमच्या वस्तीतही ते वारे पोहोचले. आईच्या वडिलांनी मेलेले जनावर ओढायला नकार दिला आणि दोरी अंगणातून गेली. पुढे १९४८ साली बाबासाहेबांनी 'अस्पृश्य मूळचे कोण?' या विषयावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि अस्पृश्यतेच्या मुळाशी गोमांसाचा संबंध कसा आहे याची मीमांसा केली. माणसाच्या ताटावरून माणसाची पायरी ठरवायची ही या देशाची जुनी रीत आहे.

आपल्यातलीही एक पायरी

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. आईच्या कपाळाला आठी पडली ती केवळ शेजारणीच्या भीतीने नव्हे. दुपारी ती मुलीला म्हणाली, "आपल्यात डुक्कर खात न्हाईत. ते दुसऱ्या वस्तीतले खात्यात."

आमच्या भागात हे खरे होते. पूर्वाश्रमीच्या महारवाड्यात मोठ्या जनावराचे मांस चाले, डुक्कर वर्ज्य. मातंग बांधव, वडार, कैकाडी यांच्याकडे डुक्कर खाल्ले जाई. म्हणून आमची माणसे त्यांच्या घरी पाणी पिताना मागेपुढे बघत. गावाने आमच्या ताटाला नाव ठेवायचे आणि आम्ही आणखी कोणाच्या तरी ताटाला! बाबासाहेबांनी याच रचनेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. वरून लाथ खायची आणि खालच्याला मारायची. १९५६ साली आम्ही जात सोडली. परंतु जातीने शिकवलेली किळस सगळ्यांचीच सुटली असे नाही.

मुलीने आजीला एकच प्रश्न विचारला. "आजी, तुला आवडत नाही म्हणून नको, की आपल्यात खात नाहीत म्हणून नको?"

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कधी इचारच केला न्हाई."

इंग्रज गरिबाचे डुक्कर

मुलीच्या शेजारणीशी आमची ओळख झाली. आमच्या मुलीने मध्ये दुभाष्याचे काम केले. त्या बाईंनी जे सांगितले त्याने आमचा एक गैरसमज दूर झाला. बेकन म्हणजे साहेबाच्या टेबलावरचा पदार्थ, असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात तो इंग्लंडच्या गरिबाचा पदार्थ आहे.

खेड्यातला शेतमजूर वर्षाला एक डुक्कर पाळी. भाजीची देठे, बटाट्याची साले, ताकाचे पाणी यांवर ते वाढे. थंडीच्या तोंडाशी ते कापायचे. ताजे मांस शेजाऱ्यांत वाटायचे आणि बाकीचे मिठात मुरवून, टांगून, वर्षभर पुरवायचे. विल्यम कॉबेट नावाच्या लेखकाने 'कॉटेज इकॉनॉमी' हे पुस्तक १८२२ साली प्रसिद्ध केले. त्यात त्याने मजुरांना घरात डुक्कर पाळण्याचा आग्रहच केला आहे. मीठ लावून मांस टिकवायचे आणि अडीनडीला पुरवायचे, ही युक्ती आईच्या आजीचीच. फरक एवढाच की इंग्रज मजुराचे डुक्कर त्याचे स्वतःचे होते, आणि चुलीवर टांगलेल्या मांसाची त्याला शरम नव्हती, अभिमान होता. कमावून घर चालवण्याला इंग्रजीत आजही 'घरी बेकन आणणे' म्हणतात!

पुढे कारखाने निघाले. विल्टशर परगण्यातील काल्न या गावी हॅरिस कुटुंबाने हा धंदा इतका वाढवला की मिठाच्या पाण्यात मुरवण्याच्या पद्धतीला 'विल्टशर' हेच नाव पडले. तो कारखाना १९८२ साली बंद झाला. दुसऱ्या महायुद्धात ८ जानेवारी १९४० पासून बेकन रेशनवर गेले. सुरुवातीला माणशी आठवड्याला चार औंस, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम. ४ जुलै १९५४ ला मांसाचे रेशन उठले, तेव्हा कुठे लोकांनी सुटकेचा श्वास सोडला.

आमच्या भगिनींसाठी आणखी एक माहिती. लंडनच्या लॅम्बेथ भागातील मजूर कुटुंबांचा अभ्यास करून मॉड पेंबर रीव्हज या बाईंनी १९१३ साली एक पुस्तक लिहिले. आठवड्याला एक पौंडाच्या आसपास मिळकतीत बायका घर कसे चालवतात, हा त्याचा विषय. त्यात दिसते ते असे की, मांसाचा चांगला वाटा कमावत्या पुरुषाच्या ताटात जाई. बायको आणि मुले पाव, बटाटे यांवर भागवीत. वाचताना आमच्या घरातून लगेच शब्द आले, "म्हणजे बाईचं ताट तिकडेही शेवटीच!" यावर आम्ही पुरुषमंडळींनी काय बोलावे? काही बोललो नाही. त्या दिवसापासून वाढताना आधी आईचे आणि घरच्या बाईचे ताट वाढायचे, असे मात्र ठरवले आहे.

किंग हेन्रीज रोड, घर क्रमांक १०

मधल्या आठवड्यात मुलीला सुट्टी मिळाली. ईस्ट हॅमहून डिस्ट्रिक्ट लाइनची गाडी पकडली. मॉन्युमेंटला उतरून भुयारातूनच बँक स्टेशनला गेलो आणि नॉर्दर्न लाइनने चॉक फार्मला पोहोचलो. स्टेशनजवळच्या एका लहानशा कॅफेत चहासाठी थांबलो. पिवळी जाकिटे घातलेले बांधकाम मजूर आत बसले होते. प्रत्येकाच्या हातात जाड पावात घातलेले बेकन. दार सताड उघडे आणि वास रस्ताभर. आई त्या मजुरांकडे बघत होती. आपल्या नाक्यावरच्या बिगाऱ्यांसारखीच भेगाळलेली बोटे.

तिथून चालत किंग हेन्रीज रोडला गेलो. शांत रस्ता, उंच विटांची घरे. दहा क्रमांकाच्या घरावर पाटी आहे. १९२१-२२ या काळात डॉ. भीमराव रामजी आंबेडकर येथे राहत होते, असे तिच्यावर लिहिले आहे. महाराष्ट्र सरकारने हे घर २०१५ साली विकत घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला त्याचे उद्घाटन झाले. नंतर परवानगीवरून वाद झाला. मार्च २०२० मध्ये घर स्मारक म्हणून राहण्याला मान्यता मिळाली.

आईने दाराबाहेर चपला काढल्या. थंडी होती, तरी ऐकले नाही.

बाबासाहेब १९२० साली दुसऱ्यांदा लंडनला गेले ते सिडनहॅम कॉलेजच्या नोकरीतून साठवलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज यांच्या बळावर. इकडे रमाई मुंबईत काटकसरीने संसार ओढत होत्या. तिकडे बाबासाहेब पैपैचा हिशेब ठेवीत होते. सकाळी घरमालकिणीने दिलेला तुटपुंजा नाश्ता, मग दिवसभर ग्रंथालय. रात्री भूक अनावर झाली की बोव्हरिलचा पेला आणि पत्र्यावर भाजलेले चार पापड, असे चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. बोव्हरिल म्हणजे गोमांसाचा अर्क, गरम पाण्यात घालून प्यायचा. या जेवणावर त्यांनी १९२१ साली एम. एस्सी. आणि १९२३ साली डी. एस्सी. मिळवली. मधल्या काळात १९२२ साली ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले.

आम्ही हे सगळे आईला सांगितले. आई वरच्या खिडकीकडे बघत उभी होती. एकाएकी म्हणाली, "पापड भाजताना बाबासाहेब खिडकी लावत आसतील का रं?"

आम्हाला उत्तर सुचेना. तिनेच दिले. "न्हाई लावत आसनार. कुनाला भ्यायचं हुतं त्यांनी?"

परतीच्या गाडीत ती फारसे बोलली नाही.

धम्माचा प्रश्न

काही वाचक विचारतील, बौद्धाने हे खावे का? बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रावर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. ती आम्ही विसरलेलो नाही. आपल्यातील जे उपासक मांस सोडतात त्यांच्याविषयी आम्हाला आदर आहे. परंतु बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेची फोड करून सांगितली आहे. मारण्याची गरज आणि मारण्याची हौस यांत भेद करावा. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे. विनयातही भिक्खूला आपल्यासाठी मारल्याचे पाहिलेले, ऐकलेले वा शंका असलेले मांस वर्ज्य सांगितले आहे. सरसकट मांस वर्ज्य सांगितलेले नाही. तथागतांच्या शेवटच्या भोजनात चुंद लोहाराने सूकरमद्दव वाढले होते. ते कोवळे डुकराचे मांस की एखादी भूछत्रासारखी वनस्पती, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण तथागतांनी चुंदाला दोष लागू दिला नाही, हे सर्वांना मान्य आहे. खाऊ घालणाऱ्याच्या मनाला लागू नये याची काळजी त्यांनी शेवटच्या घटकेलाही घेतली.

तेव्हा खावे की न खावे हे ज्याने त्याने विचार करून ठरवावे. जातीने ठरवू नये आणि शेजाऱ्याच्या नाकाने तर नाहीच नाही.

दुसरा रविवार : बेकन नीट कसे भाजावे

पुढच्या रविवारी मुलगी घरी होती. शेजारच्या बाईंनीच तिला शिकवले होते, ते तिने आम्हाला दाखवले. पहिल्या रविवारी आम्ही केले त्याच्या अगदी उलट!

आधी पाकीट ओळखावे. इंग्लंडमध्ये पाठीकडच्या मांसाला 'बॅक' म्हणतात. त्यात चरबी कमी, ते मऊच चांगले लागते. पोटाकडच्या मांसाला 'स्ट्रीकी' म्हणतात. त्यात चरबीच्या रेघा असतात. कुरकुरीत हवे तर स्ट्रीकीच घ्यावे. काही धूर दिलेले असते, काही बिनधुराचे. स्वस्त पाकिटात पाणी टोचलेले असते. ते तव्यावर पांढरा फेस सोडते आणि पाणी आटेपर्यंत कुरकुरीत होत नाही.

पाकीट फ्रिजमधून दहा-पंधरा मिनिटे आधी काढावे, म्हणजे पट्ट्या न फाटता सुटतात. धुऊ नयेत. मीठ मुळीच घालू नये, ते आधीच भरपूर असते. तवा जाड घ्यावा. आपला बिडाचा तवा उत्तम. तवा थंडच ठेवावा, तेल घालू नये. थंड तव्यावर पट्ट्या एकीवर एक न येतील अशा मांडाव्यात आणि मग खाली मंद आच लावावी. हवे तर दोन चमचे पाणी शिंपडावे. पाणी आहे तोवर तवा फार तापत नाही, चरबी सावकाश वितळते, आणि पाणी उडाले की पट्टी स्वतःच्याच चरबीत भाजली जाते.

सगळी किल्ली इथे आहे. कुरकुरीतपणा आचेने येत नाही, धीराने येतो. मोठ्या आचेवर मांस करपते आणि चरबी आतच राहते. मंद आचेवर चरबी बाहेर पडते, पाणी उडून जाते आणि मागे खुसखुशीत पट्टी उरते. चार-पाच मिनिटांनी उलटावे. मग अधूनमधून उलटत राहावे. पट्टीच्या जाडीप्रमाणे आठ ते बारा मिनिटे लागतात. रंग सोनेरी-तांबूस झाला की थोडे आधीच काढावे. चकली जशी गरम असताना मऊ वाटते आणि निवल्यावर कडक होते, तसेच हे. स्वच्छ पांढऱ्या कागदावर निथळावे. वर्तमानपत्रावर ठेवू नये, शाई अन्नाला लागते. भट्टी असल्यास २०० अंश सेल्सिअसवर जाळी आणि खाली ताट ठेवून पंधरा ते वीस मिनिटांत होते.

तव्यात उरलेली चरबी मोरीत ओतू नये. ती नळात थिजते. ईस्ट हॅमहून शहरात जाताना वाटेत व्हाइटचॅपल स्टेशन लागते. तिथल्या गटारात २०१७ साली चरबी आणि कचऱ्याचा १३० टन वजनाचा, अडीचशे मीटर लांबीचा गोळा सापडला होता! तो फोडणारे आणि काढणारेही गटारातले कामगारच. गटारात उतरणाऱ्या माणसाचे दुःख आपल्या समाजाला कोणी सांगायला नको. चरबी निवल्यावर डब्यात भरून ठेवावी. बटाटे परतायला, अंडी तळायला थोडी थोडी वापरता येते.

आपल्याकडे मुंबई, पुणे, गोवा येथे थंड मांस विकणाऱ्या दुकानांत बेकन पाकिटात मिळते. फ्रिजमधलेच घ्यावे आणि तारीख पाहून घ्यावे. घरी मीठ लावून करण्याच्या भानगडीत पडू नये. कारखान्यात त्याला मोजून नायट्राइट घालतात, ते प्रमाण घरी साधत नाही.

आणि हे रोजचे खाणे करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली असे मुरवलेले मांस कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांत घातले. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असे त्यांचे म्हणणे. मुलगी नर्स असल्याने तिने बजावून सांगितले की, ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी दूरच राहावे. आपल्या घरांत रक्तदाब नसलेली माणसे किती? म्हणून सणासुदीला, पाहुणे आले तर, एखाद-दुसरी पट्टी. बस्स.

त्या दिवशी आईने काय केले

मुलीने दोन तवे ठेवले होते. एकावर बेकन. दुसऱ्यावर आजीसाठी वेगळ्या तेलात अंडे आणि ज्वारीची भाकरी. शेजारच्या बाईंनाही बोलावले होते. त्यांनी आमचा ठेचा चाखला आणि डोळ्यांतून पाणी काढीत हसल्या. टेबल एकच. त्यावर बेकन, भाकरी, ठेचा आणि चहा.

तव्यावर चरबी तडतडू लागली आणि वास सुटला. आई उठली. काठी टेकत खिडकीपाशी गेली. आम्हाला वाटले, पुन्हा लावते की काय. खिडकी अर्धी उघडी होती. तिने दोन्ही हातांनी ढकलून ती पूर्ण उघडली.

मग जागेवर येऊन बसली, भाकरीचा तुकडा मोडला आणि नातीला म्हणाली, "मी काय खायची न्हाई बाय. मला नगंच वाटतं. पर आता खिडकी लावायची न्हाई."

नातीने तिच्या गळ्यात हात टाकले. आम्ही आमच्या पट्ट्या खाल्ल्या. कुरकुरीत झाल्या होत्या.

बंधू-भगिनींनो, बाबासाहेबांनी आपल्याला मेलेले मांस सोडायला सांगितले ते लाचारी सुटावी म्हणून. लाज बाळगायला त्यांनी कधीच सांगितले नाही. जे खाल ते कष्टाचे, ताजे, स्वच्छ आणि बेताचे खा. नको असेल तर खाऊ नका. दुसऱ्याच्या ताटाला नाव ठेवू नका, मग तो वरच्या पायरीचा असो की खालच्या. आणि आपले अन्न शिजवताना खिडकी उघडी ठेवा.

जयभीम! नमो बुद्धाय!